हवालदार लालासाहेब नाटकात काम करतात

हवालदार लालासाहेब निकम सैन्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण टीव्हीपुढे बसले की ते अजून ड्यूटीवरच असतात. रविवारी दुपारी युद्धाची एक मालिका लागली, की मलकापूरच्या त्यांच्या गल्लीतली निम्मी माणसं आपापले टीव्ही बंद करून त्यांच्या सोप्यात येऊन बसतात. मालिकेसाठी नव्हे, हवालदारांच्या तोंडासाठी. नायकाचे केस कानावर आलेत, हा कटिंगला कधी जातो? डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट कुणाला ठोकतोय? चार दिवस बर्फात लढून ह्याच्या बुटाला पॉलिश कसं? अंबूबाई चहा ओतता ओतता नवऱ्याला म्हणतात, त्याला जरा लढू तरी द्या. पण खोड काढल्याशिवाय हवालदारांना चहा गोड लागत नाही.

एका प्रसंगाला मात्र ते गप्प राहिले. तोफेच्या माऱ्यात आईबाप गेलेली एक मुलगी पडक्या घरातून धावत येते आणि नायकाच्या गळ्यात पडते, असा तो प्रसंग. सगळ्या सोप्याने डोळे पुसले. हवालदार उठून परसात निघून गेले. गल्लीला वाटलं, गडी गहिवरला.

शाळेलाही तोच प्रसंग आवडला. आम्रपाली मॅडमनी तो गॅदरिंगला बसवायचं ठरवलं. पोरक्या मुलीचं काम हवालदारांच्या नातीला, पाचवीतल्या शिवांजलीला दिलं. गावात खरा फौजी असताना खोटा कशाला, म्हणून आजोबांनाच वर्दी घालून उभं राहायला सांगितलं. हवालदार नाही म्हणाले. मॅडम घरी येऊन गेल्या, तरी नाही. कारण काय, तर गुडघा दुखतो. आणि हा माणूस रोज सकाळी आगाशिवचा डोंगर चढून येतो, हे अख्ख्या मलकापूरला ठाऊक! शिवांजली दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तोंड पाडून विचारलं, मला काम जमत नाही म्हणून तुम्हाला लाज वाटते का?

आता हवालदारांचा निरुपाय झाला. बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी दहा वर्षांच्या पोरीला सांगितली.

सीमेवरच्या एका गावात त्यांना खरोखरच अशी मुलगी सापडली होती, पाच-सहा वर्षांची. इकडे कसं, सुट्टीवरचा फौजी एस.टी.तून उतरला की गल्लीतली पोरं खाऊसाठी त्याच्या अंगाला झोंबतात. वर्दी दिसली की पोरं धावत येणारच, असं हवालदारांनी धरून चाललेलं. म्हणून ते दोन्ही हात पसरून हसत पुढे गेले. पोरगी मागे सरकत भिंतीला टेकली आणि भीतीनं तिचे कपडे ओले झाले. तिच्या लेखी वर्दी म्हणजे वर्दी, ह्या बाजूची काय आणि त्या बाजूची काय. शेवटी हवालदारांनी अंगातला शर्ट काढून लांब ठेवला आणि त्या थंडीत नुसत्या बनियनवर तिच्याकडे पाठ करून बसले. तासाभराने ती आली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, आणि तिला निर्वासितांच्या छावणीवर पोचवून ते पुढे निघून गेले.

"मला बघून लेकरू भ्यालं, शिवे. ती काय पळत आली न्हाई. आन् आता मी स्टेजवर हुबा राहून, ती पळत आल्यावानी दाखवू व्हय?"

 शिवांजलीने एवढंच विचारलं, "तिचं नाव काय व्हतं, आबा?"

हवालदारांना सांगता येईना. पलटणीतल्या साऱ्यांची नावं ह्या माणसाला आजही नंबरासकट पाठ आहेत. छावणीच्या कागदावर मात्र 'एक लडकी' असं त्यांनीच लिहून दिलं होतं.

"इचारायचंच ऱ्हायलं," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नातीपुढे रडण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मॅडमना होकार कळवला.

गॅदरिंगला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. हवालदारांनी हात पसरले की शिवांजलीने पळत यायचं, अशी तालीम झालेली. हवालदारांनी हात पसरलेच नाहीत. चार पावलं लांब थांबून ते खाली उकिडवे बसले आणि नाटकात नसलेलं वाक्य हळूच बोलले.

"तुझं नाव काय, बाळा?"

पडद्याआड मॅडम घाईघाईने कागद चाळू लागल्या. शिवांजली आजोबांकडे नीट बघत राहिली.

"आदी तुमचं सांगा," ती म्हणाली.

एरवी हा गृहस्थ बँकेतसुद्धा आधी हुद्दा सांगतो.

"लालासाहेब," ते म्हणाले.

मग ती पळत नाही, चालत त्यांच्याजवळ आली आणि तिने आपलं नाव सांगितलं.