गाडीकडे पाठ करून बसणाऱ्या काकू

टीव्हीवाल्या काकू गाडी तपासताना गाडीकडे पाठ करून बसायच्या. मुरबाडच्या बाजारपेठेच्या मागे त्यांचं दुकान होतं. बोनेट उघडलेली गाडी बाहेर धडधडत असायची, दोन-चार ड्रायव्हर तिच्याभोवती उभे असायचे, आणि काकू साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या. समोर एक जुनाट डबा, त्याच्या पडद्यावर हिरवी रेषा. उन्हात ती रेषा दिसत नसे, म्हणून पडद्याला त्यांनी पुठ्ठ्याचं छप्पर केलं होतं. त्या छपरात तोंड घालूनच त्या म्हणायच्या, "आता जरा रेस दे." इंजिनाचा आवाज ऐकायला म्हणून त्यांनी कधी मान वळवलेली मी पाहिली नाही.

मला पहिल्यापासून राग होता तो याच गोष्टीचा. माझं शहापूरला गॅरेज. गाडी मिसिंग मारते म्हणजे चारांतला एखादा सिलेंडर मध्येच काम सोडतो आणि गाडी झटके खाते. कुठला सिलेंडर, ते मी कानानं सांगायचो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कसाऱ्यापासून लोक गाड्या घेऊन यायचे. हे सगळं कमवायला माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. आणि तासाभराच्या रस्त्यावर एक बाई, जिला इंजिनाचा नट खोलायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागायची, रेषा बघून तेच सांगायला लागली. तेच म्हणतो मी, पण खरं तर माझ्यापेक्षा नेमकं.

त्यांचा नवरा टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्याकडूनच काकू काम शिकल्या, आणि तो गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं. पुढे मोठ्या पाठीचे टीव्ही गेले, चपटे आले, आणि बिघडलेला टीव्ही दुरुस्तीला आणणं लोकांनी सोडलं. नवऱ्यानं कुठल्याशा कॉलेजच्या भंगारातून आणलेला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची रेषा दाखवणारा तो डबा, कापडाखाली झाकून पडला होता. एकदा दिराची रिक्षा दारातच मिसिंग मारायला लागली. काकूंनी विचार केला, टीव्हीतली वीज तीच आणि प्लगची वीजही तीच, मग हिची रेषा का दिसू नये. त्यांनी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला आतून तांब्याची पट्टी चिकटवली, तिला वायर जोडली आणि चिमटा प्लगच्या वायरीला लावला. प्रत्येक ठिणगीला पडद्यावर एक उंचवटा उठला.

नंतर त्यांनी गजराच्या घड्याळातली आवाज करणारी पितळी चकती काढली आणि रबरी नळीच्या तोंडाशी बसवली. नळीचं दुसरं टोक सायलेन्सरमध्ये. इंजिनाच्या प्रत्येक श्वासाला रेषा वर जायची, आणि जो सिलेंडर आजारी, त्याच्या वेळेला ती बसकी व्हायची. मला हे एका ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. घरी गेल्यावर बायकोनं वाळत घातलेल्या कपड्यांवरचा एक चिमटा काढून मी बराच वेळ उघडझाप करत बसलो.

सापगावचा दामू माझं जुनं गिऱ्हाईक. सापगाव ते शहापूर स्टेशन अशी प्रवाशांची व्हॅन चालवायचा. त्याची गाडी तापली की मिसिंग मारायला लागायची. मी दोनदा ऐकली आणि सांगितलं, "व्हॉल्व्ह गेलाय. इंजिनाचं हेड खोलावं लागेल, खर्च मोठा आहे." दामू बरं म्हणाला आणि गाडी घेऊन मुरबाडला गेला. संध्याकाळी परत आला तो हसतच.

"कॉइल बदलली बग. तीन नंबरच्या सिलेंडरची. गरम झाली का ठिणगी अर्ध्यात सोडायची. काकू बोलल्या, हेडला हात नको लावू."

"आणि काय बोलल्या?"

"बोलल्या, गणपतचा कान चांगला हाय, पन तो ऐकायच्या आधीच ठरवतो."

त्यानंतर मुरबाडहून आलेल्या प्रत्येक माणसाला मी चहा पाजून विचारायचो, काकू काय म्हणाल्या, कुठे चुकल्या का. एकदा खरोखरच चुकल्या होत्या. पण ती बातमी त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली होती. "मी प्लगला दोष दिला आणि बिचारा इंजेक्टर निघाला," असं म्हणून त्या गिऱ्हाइकांबरोबर हसल्या होत्या. माझी चूक झाली की मला जेवण जात नसे, आणि ही बाई आपली चूक चहाबरोबर वाटते. त्याचाही मला मत्सर वाटला. कदाचित त्याचाच जास्त.

मग मी जे केलं ते सांगितलं पाहिजे. दामू व्हॅन सर्व्हिसिंगला घेऊन आला होता. तो समोर टपरीवर गेला असताना मी दोन नंबरच्या कॉइलचं कनेक्टर काढलं आणि आतली एक पिन स्क्रू-ड्रायव्हरनं किंचित वाकवली. उभी असताना गाडी ठीक चालेल, खड्ड्यात गेली की पिन सुटेल आणि मिसिंग मारेल. असा येणारा-जाणारा दोष पकडणं सगळ्यात कठीण. दामू मुरबाडला जाणार, काकू चक्रावणार, आणि मग गाडी माझ्याकडे येणार, असं मी धरून चाललो होतो.

दामूच्या मुलीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी मुरबाडलाच होता, हे मला ठाऊक नव्हतं. घरची सगळी माणसं घालून तो निघाला आणि गाडी वाटेत झटके खायला लागली. चढाला माणसं उतरून चालली. नवरीसुद्धा चालली. पोचेपर्यंत मुलाकडची मंडळी ताटकळून गेली होती. साखरपुडा झाला, पण मुलाचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला की ज्याला आपली गाडी सांभाळता येत नाही तो शब्द काय सांभाळणार. चार दिवसांनी दामूनं मला हे सांगितलं तेव्हा तो चिडलेला नव्हता. नुसताच खाली बघून बोलत होता.

"पन काकूंनी लगेच पकडली," तो म्हणाला. "धक्क्यानं पिन वाकली होती. तुला निरोप दिलाय, एकदा येऊन जा."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी गेलो. काकू छपरात तोंड घालून बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "बस रे गणपत." समोरच्या गाडीचं काम संपवलं, ड्रायव्हरला पाठवलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"पिनीवर स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा ताजा होता. दामूला मी सांगितलं नाय."

मी मान खाली घातली.

"तुला बघायचं होतं ना, मी कशी पकडते?"

"हो काकू."

"मग समोर बसून बघायचं. पोरीला चढावर कशाला चालवायची?"

त्या एवढंच बोलल्या. मग त्यांनी दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि दिवस मावळेपर्यंत मला रेषा वाचायला शिकवलं. ठिणगी कुठे सुरू होते, किती वेळ टिकते, कुठे विझते. "आधी गाडीला काय विचारायचंय ते ठरव, मंग चिमटा लाव," असं त्या दर वेळी म्हणायच्या. निघताना म्हणाल्या, "दामूला तू सांगायचं. कधी ते तू बघ."

त्यानंतर मी दर सोमवारी मुरबाडला जाऊ लागलो. मत्सर गेला म्हणाल तर नाही. मला रेषा समजायला पाच मिनिटं लागायची, त्यांचं बोट तोवर पडद्यावर टेकलेलं असायचं. एकदा मी म्हटलं, "काकू, तुम्ही एकदा तरी ऐकून बघा ना." त्या म्हणाल्या, "तुमी ते फट-फट आणि खट-खट बोलता ना, मला सगळं एकच वाटतं रे. तुझ्यासारखं ऐकू आलं असतं तर हा डबा उघडलाच नसता." त्या दिवशी परतीच्या एसटीत मी फार खूश होतो. इतका खूश की मला माझीच लाज वाटली.

दामूला सांगायला मला वर्ष लागलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप अर्धा ठेवला आणि उठला. आता तो गाडी दुसरीकडे दाखवतो. स्टेशनवर समोर आला तर मान हलवतो, बोलत नाही.

पुढे काकूंचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. सामान भरताना मी तिथेच होतो. मला वाटत होतं, डबा त्या मला देतील. शेवटी मीच मागितला. "नाय," त्या म्हणाल्या. "तो यांच्या हातचा हाय. माझ्याबरोबर येतो. तू नवीन घे, आता खिशात मावतात." मी नवीन घेतला. चिमटा मात्र घरी बनवला. गिऱ्हाईक वाढलं, हेड उगाच खोलणं बंद झालं. अजूनही कान आधी लावतो, पण बोलतो रेषा बघितल्यावरच.

गेल्या महिन्यात एका गाडीच्या रेषेचा अर्थ मला लागेना, म्हणून काकूंना फोन केला. त्या बोलायला लागल्या तर मागे इंजिनाचा आवाज. मुलीच्या घराशेजारी कुणाचं तरी गॅरेज आहे म्हणे, तिथे त्या रोज जाऊन बसतात. मध्येच कुणी पुरुष म्हणाला, "काकू, नळी आत सारली. आता बघा." काकू मला म्हणाल्या, "थांब रे जरा," आणि त्यांनी फोन कुठेतरी बाजूला ठेवला.

मी थांबलो. ते इंजिन मिसिंग मारत होतं, फोनमधूनही मला कळत होतं. "आता जरा रेस दे," काकू म्हणाल्या. मग हत्यारांची खुडबुड, इंजिन बंद, पुन्हा सुरू. या वेळी ते सरळ, एका लयीत चाललं. तो माणूस हसला, काकूही हसल्या, आणि ती दोघं त्या रेषेबद्दल बोलू लागली. कोण असेल तो, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी त्या बाईवर जळलो, पण त्या माणसावर जळलो तसा कुणावरच नाही. मी फोनवर आहे हे काकू विसरून गेल्या होत्या. मी फोन कानाला लावून बराच वेळ तसाच बसून राहिलो.