एकविसाव्या दिवसाची सुई

भिवंडीत कामतघरच्या ज्या दवाखान्यात मी नर्स म्हणून काम करते, तिथे कित्येक वर्षं पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं जात नव्हतं. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. कोणी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन आलं की मी ती उघडून वाचायचे, पुन्हा घडी घालायचे आणि परत द्यायचे. "हे आमच्याकडे मिळत नाही," एवढंच सांगायचे. औषध समोरच्या मेडिकलमध्ये मिळत होतं. ते टोचायला कोणी तयार नव्हतं, इतकंच. नियम जुन्या डॉक्टरांनी केला होता, पण खरं सांगायचं तर तो मला सोयीचा होता.

त्यामागे एक गोष्ट होती. शिकून बाहेर पडल्यावर मी पहिल्यांदा एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागले. बावीस वर्षांची होते. तिथे एक माणूस आला, पायाला जखम होऊन पोटरी लालभडक सुजलेली. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं, मी दिलं. तो उठून बसला, शर्टाची बटणं लावू लागला आणि म्हणाला, "सिस्टर, गला बंद हो रहा है." पुढच्या क्षणी तो माझ्या अंगावर कोसळला. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिन द्यायचं असतं हे मला पाठ होतं. ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती त्या बाई जेवायला गेल्या होत्या. शेवटी कोणीतरी कपाटाची काच फोडली. माणूस वाचला. चार दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला, जाताना मला हातही केला. पण त्यानंतर पेनिसिलिनची बाटली नुसती दिसली तरी माझे तळवे ओले व्हायचे.

जुने डॉक्टर थकले तेव्हा त्यांच्या मुलीने दवाखाना हातात घेतला. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत मुरलेलं. मॅडम माझ्याशी मराठीत बोलायच्या, लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांशी हिंदीत, आणि चिडल्या की स्वतःशीच उर्दूत. पेशंटला तपासताना घाई करायच्या नाहीत. बाहेर रांग वाढायची, कुरकुर व्हायची, त्यांना फरक पडायचा नाही.

त्यांच्या पहिल्याच वर्षात एक लूम कामगार आपल्या मुलीला पाठीवर घेऊन आला. मुलगी अकरा वर्षांची. ताप होता आणि उजवा गुडघा टम्म सुजला होता. "परवापर्यंत डावा दुखत होता," मुलगी म्हणाली. जन्म भिवंडीतलाच असल्यामुळे ती बापापेक्षा सरळ मराठी बोलायची. "तो बरा झाला आणि हा सुरू झाला."

मॅडमनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग विचारलं, "मध्ये घसा दुखला होता का गं?"

"हो. दोन-तीन आठवडे झाले. गुळण्या केल्या, थांबला."

घशाला एका विशिष्ट जिवाणूचा संसर्ग होतो. शरीर त्याच्याशी लढायला उठतं आणि काही मुलांमध्ये त्या लढाईचा मार सांध्यांवर पडतो, हृदयाच्या झडपांवर पडतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मॅडमनी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि तिथून ती जाड फाइल घेऊन परत आली. एक झडप थोडी गळत होती. त्या जिवाणूला घशात पुन्हा पाय रोवू द्यायचा नाही, म्हणून दर एकवीस दिवसांनी लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनची एक सुई, आणि तीही कित्येक वर्षं. असा संसर्ग पुन्हा झाला तर झडप आणखी बिघडणार होती.

काही महिन्यांनी ती पुन्हा आली. ताप, दोन्ही घोटे सुजलेले.

"शेवटची सुई कधी घेतली?" मॅडमनी विचारलं.

बाप खाली बघत होता. "दो महीने हो गए, मॅडम. हर बार मुंबई जाने की छुट्टी नहीं मिलती. यहाँ सबको पूछा. कोई नहीं देता."

मी शेजारीच कापसाचे बोळे करत उभी होते. धामणकर नाक्यापासून आमच्या गल्लीपर्यंत त्याने ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांत मी पण होते. दीड महिन्यापूर्वी त्याने मला चिठ्ठी दाखवली होती आणि मी ती घडी घालून परत दिली होती. नाव नीट वाचलंही नव्हतं. त्या माणसाला हे आठवत होतं, कारण त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे आपल्याकडे आले होते," मी म्हटलं. "मीच नाही म्हणाले."

मॅडमनी मान वर करून पाहिलं. रागावल्या नाहीत. मुलीला पुन्हा हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी लिहिली, ते दोघं गेल्यावर मला समोर बसवलं आणि कारण विचारलं. मी ती कुलपाची गोष्ट सांगितली. तोवर ती मी नवऱ्यालाही पूर्ण सांगितली नव्हती.

"म्हणजे औषधाने घात केला असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही," जरा विचार करून मी म्हणाले. "औषधाने त्रास दिला. घात होणार होता तो आमची तयारी नव्हती म्हणून."

"मग तयारी करू," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणेपर्यंत मी देते. तुम्ही नुसतं बघा."

पुढचे आठ-दहा दिवस दुपारी दवाखाना रिकामा झाला की आम्ही तयारी करायचो. स्टीलचा एक ट्रे टेबलावर उघडा ठेवला. त्यात अ‍ॅड्रेनलिन, सिरिंजा, वयाप्रमाणे किती द्यायचं याचा मोठ्या अक्षरांतला कागद. ऑक्सिजनचा सिलिंडर पलंगाशेजारी आणला. मॅडम पलंगावर आडव्या पडायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, मला श्वास लागतोय." मी धावत जाऊन ट्रे उचलायचे, साध्या पाण्याची सिरिंज भरायचे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कुठे टोचायचं ते दाखवायचे, पाय उशीवर उचलायचे. पहिल्या दिवशी माझ्या हातून अँप्यूल फुटली. पुढे पुढे मी बोलत बोलत करू लागले. सुईच्या भीतीने चक्कर आलेला माणूस आणि औषध अंगावर उलटलेला माणूस यांतला फरक मॅडमनी माझ्याकडून घोकून घेतला. चक्कर आली की माणूस पांढरा पडतो, नाडी मंद चालते, आडवं केलं की सावरतो. औषध उलटलं की अंगावर गांध्या उठतात, आवाज बसतो, छातीत घरघर होते, नाडी पळत सुटते. तिथे वाट बघत बसायचं नाही.

मुलगी बरी होऊन आली तेव्हा मॅडमनी सिरिंज हातात घेतली. मी म्हटलं, "द्या इकडे."

ही सुई साधी नसते. पांढरी पावडर पाण्यात कालवली की दुधासारखं दाट औषध होतं. बाटली नीट घोळवली नाही किंवा सुई बारीक घेतली तर मध्येच तुंबते. मग बिचाऱ्या पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. ते खोल स्नायूतच जायला हवं, शिरेत चुकूनही नाही. म्हणून टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं. मी तिला पालथं झोपवलं. आधी जेवून आलीस ना, विचारलं. मागच्या सुयांनी खाज, पुरळ, धाप, काही झालं होतं का, तेही पुन्हा विचारलं. मग कुल्ह्याच्या वरच्या बाहेरच्या भागात सुई घातली आणि अगदी सावकाश दाबत राहिले. दोन-तीन मिनिटं तरी लागतात. तिने ओढणी दातांत धरली होती.

"सिस्टर आंटी, झालं का?"

"अर्धं झालं. तुझ्या शाळेत कोण कोण ओरडतं ते सांग."

तिने तीन बाईंची नक्कल केली. तिसरीच्या वेळी मी सुई बाहेर काढली.

नंतर अर्धा तास तिला समोरच्या बाकावर बसवून ठेवलं. तो अर्धा तास मी दुसरं काही केलं नाही. दर पाच मिनिटांनी नाडी बघत होते. शेवटी तीच म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मॅडम आतल्या खोलीतून हसल्या.

त्यानंतर ती दर एकविसाव्या दिवशी येऊ लागली. तिच्यामागून दुसरी मुलं आली, मोठी माणसं आली. आमच्याकडे ही सुई मिळते हे लूमच्या शेडमधून पसरलं. एकवीस दिवस उलटून गेले आणि कोणी आलं नाही तर मी स्वतः फोन करू लागले.

दोन वर्षांनी ते घडलं. मानकोलीजवळच्या एका गावातली बाई आली. तिथल्या गोदामात पॅकिंगचं काम करायची. झडपेचा आजार तिला बाळंतपणात कळला होता. मी सगळे प्रश्न विचारले. "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का?"

"न्हाय बाय. मना कधी कायच झाला न्हाय."

टेस्ट डोस दिला, काही उठलं नाही. मग पूर्ण सुई दिली आणि तिला बाकावर बसवलं. पाच-सहा मिनिटांत ती तळहात एकमेकांवर घासू लागली. मग खोकली. तिचा आवाज बदललाय असं मला वाटलं. गळ्यावर पाहिलं तर गांध्या उठत होत्या.

मी मॅडमना हाक मारली आणि हाक मारता मारताच ट्रे उचलला. तिला आडवं केलं, अ‍ॅड्रेनलिन भरलं, मांडीत दिलं. हातांना काय करायचं ते माहीत होतं. मॅडमनी ऑक्सिजन लावला, पाय वर केले. पाच मिनिटांनी आणखी एक डोस द्यावा लागला. अँब्युलन्स येईपर्यंत तिची घरघर उतरली होती. ती माझं मनगट धरून म्हणाली, "पोरांना सांगू नको हां." त्रास काही तासांनी उलटून येऊ शकतो, म्हणून हॉस्पिटलात तिला दिवसभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली.

त्या आठवड्यात ती पुन्हा भेटायला आली तेव्हा बोलता बोलता कळलं की लहानपणी दातासाठी तिने कसल्याशा कॅप्सूल घेतल्या होत्या आणि अंगभर पित्त उठलं होतं. त्या पेनिसिलिनच्याच जातीच्या असाव्यात, पण नाव तिला कुठून माहीत असणार? तिने खोटं सांगितलं नव्हतं. मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. तेव्हापासून मी अ‍ॅलर्जी हा शब्द नुसता विचारत नाही. कुठल्याही गोळीने, सुईने कधी अंगाला खाज सुटली का, तोंड सुजलं का, आईने कधी तसं सांगितलं का, असं विचारते. तिला मॅडमनी दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या सुरू केल्या आणि पर्समध्ये ठेवायला कार्ड दिलं. त्यावर मी लाल शाईने लिहिलं, पेनिसिलिन देऊ नये.

दोनच दिवसांनी त्या मुलीची तारीख होती. बातमी तिच्या चाळीपर्यंत पोचली होती. आई आली होती सोबत, ती दारातच थांबली. "इसको भी वैसा हो गया तो?"

खोटा धीर द्यावा असं मला वाटलं, पण दिला नाही. "होऊ शकतं," मी म्हटलं. "फार क्वचित होतं. हिने इतक्या सुया घेतल्यात, एकदाही त्रास नाही. पण झालंच तर मी इथे आहे आणि औषध इथे आहे. सुई बंद केली तर मात्र झडप बिघडायची भीती खूप मोठी आहे, आणि ते घरी होईल, हळूहळू. तेव्हा कोणी जवळ नसेल."

आईने मुलीकडे पाहिलं. तेरा वर्षांची झाली होती ती. चप्पल काढून आत आली आणि स्वतःच पलंगावर पालथी झाली. "लवकर करा," म्हणाली, "पेपर आहे उद्या."

आता ती अकरावीत आहे. झडपेची गळती आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही. शेवटच्या तपासणीत मुंबईच्या डॉक्टरांनी ती थोडी कमीच लिहिली. मध्यंतरी तिच्या मामाचं लग्न होतं, महिनाभर गावी उत्तर प्रदेशात जायचं होतं आणि तारीख नेमकी त्यातच येत होती. मॅडमनी तिथल्या डॉक्टरांसाठी पत्र लिहून दिलं. मी काळजीत होते.

ठरल्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ती एका अनोळखी दवाखान्यात होती. "सिस्टर आंटी, या डॉक्टरांनी ही सुई फार दिवसांत दिली नाही म्हणे. मी त्यांना सगळं सांगितलंय. अ‍ॅड्रेनलिन आधी काढून ठेवायला लावलं. सुई जाड घ्या म्हटलं, सावकाश द्या म्हटलं. दिली त्यांनी छान." तिने फोन फिरवला. चष्मा लावलेले एक वयस्क डॉक्टर टेबलामागे अवघडून हसत होते.

"बिटिया ने तो हमारी क्लास ले ली," ते म्हणाले.

"आता जाऊ का घरी?" तिने विचारलं.

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"मग दहा मिनिटं बस," मी म्हटलं. ती बसली. मग आम्ही दोघी तिच्या मामीच्या साडीबद्दल बोलत राहिलो.