काकूची आमसुलं

आमसुलांच्या बरणीचं झाकण उघडलं की त्या आंबट वासासरशी मला काकूची पडवी आठवते. त्र्याऐंशी सालचा मे महिना होता, मी तेरा वर्षांची. घरातल्या सगळ्या बायका-मुली घोळक्यानं बसून आमसुलांसाठी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होत्या. सगळ्या एकदम बोलत होत्या, हसत होत्या, आणि तो चिकट रस बोटांच्या बेचक्यांत शिरला तशी मला किंचाळावंसं वाटायला लागलं. दहा मिनिटांत मी उठले आणि मागच्या माडाखाली जाऊन बसले. "आयतखाऊ मेली! कामाला नको, सोलकढी प्यायला मात्र पहिली," काकू सगळ्यांदेखत म्हणाली. पुढचे आठ दिवस, दुपारी घर झोपलं की मी एकटीच भर उन्हात पुढच्या अंगणात, खळ्यात बसून चटईवर वाळत घातलेलं रातांब्याचं एकेक साल उलटत असे, ओळीनं, एकही न चुकवता. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. बरणी भरताना काकू खूश होती. "यंदा ऊन काय छान लागलंय गो!" गेल्या वर्षी, पन्नाशी उलटल्यावर, डॉक्टरांनी मला ऑटिझम असल्याचं सांगितलं. हे ऐकायला काकू आता नाही. तिच्या लेखी ते काम उन्हानंच केलं.