फुटलेले कण आधी

"सुंदर दिसतंय ना? मग घाबर." पडद्यावर चांगलं चित्र उमटलं की ताई हेच म्हणायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला जवळजवळ नाक लावायच्या.

दिल्लीतल्या आमच्या प्रयोगशाळेत औषध वाहून नेणाऱ्या चरबीच्या अतिसूक्ष्म कणांची रचना पाहतात. नमुना क्षणात गोठवायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची छायाचित्रं घ्यायची. नवे विद्यार्थी त्यातले गोल, देखणे कण निवडतात. हात आपोआप तिकडेच जातो. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या ताई फुगलेले, फुटलेले आधी शोधायला लावत. औषध गळतं ते त्यांतूनच.

"मॅडम, ये तो दो-चार ही हैं," मुनिरक्याहून येणारी एक विद्यार्थिनी कुरकुरली.

"अच्छा? और तेरी नस में वही दो-चार गए तो?"

आम्ही हसलो. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, ज्याच्या भीतीच्या जोरावर बाकीचे निर्धास्त झोपतात.

मग ताईंनाच कर्करोग निघाला. डॉक्टरांनी दिलेलं औषध नेमकं अशाच कणांत भरलेलं होतं. गुरुग्रामच्या हॉस्पिटलात मी सोबतीला बसायचे. एकदा नर्सने सवयीने बाटली खळाखळा हलवली.

"हिलाओ मत, बेटा!" ताई जवळजवळ ओरडल्याच.

"कुछ नहीं होता, मॅम."

थेंब पडू लागले. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, मला दिसतायत ते. फुटलेले." मला धीर द्यायचा होता, पण मलाही तेच दिसत होते. त्या खोलीत ते फुटल्यावर कसे दिसतात, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

गाठ वाढतच होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना विनवून बाटलीच्या तळाशी उरलेलं औषध मागून घेतलं. "नीट बघ," मला म्हणाल्या. "घाई करू नकोस."

मी अख्खी दुपार फुटलेले शोधत होते. सापडेनात. शेवटी छायाचित्राची प्रत काढून द्वारकेला त्यांच्या घरी गेले.

"सगळे शाबूत?"

"सगळे."

"पुन्हा बघितलंस?"

"बघितलं, ताई."

त्यांनी छायाचित्र मांडीवर ठेवलं. "म्हणजे औषध पोचतंय, आणि तरी गाठ वाढतेय," हळूच म्हणाल्या. "मग आता मी कुणावर संशय घेऊ?"

एवढे दिवस त्यांना फुटलेल्या कणांची भीती वाटते असं मी समजत होते. त्या तर तेच सापडावेत म्हणून वाट पाहत होत्या.

हिवाळा सरायच्या आत ताई गेल्या. घर आवरायला पुण्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला होता; मीही मदतीला गेले. पलंगाजवळ त्याला ते छायाचित्र सापडलं: राखाडी पार्श्वभूमीवर काळसर ठिपके.

"हे काय आहे हो?"

"त्यांचं औषध."

त्याने ते खिडकीपाशी उजेडात नेलं. "चांगलं होतं का?"

"फार चांगलं होतं," मी म्हणाले.

तो पाठमोरा उभा होता. मग ताई का वाचल्या नाहीत, हे त्याने विचारू नये एवढंच मला वाटत होतं.