दीड सूर खाली

भातेकाका आयुष्यभर प्रेक्षकांकडे पाठ करून बसले. रंगमंचाच्या पायथ्याशी, खड्ड्यात, ऑर्गनपुढे. तीस वर्षांत प्रेक्षक त्यांना दिसले नाहीत, ऐकू मात्र सगळे आले. कुठल्या ओळीला खोकतात, कुठल्या ओळीला खुर्च्या करकरतात, त्यांना पाठ होतं.

एरवी त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. ऑर्गनचे, अकॉर्डियनचे फाटके भाते दुरुस्त करायचे, चामड्याच्या पट्ट्या कापायच्या, सरस गरम करायचा. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव निदान बायकोला तरी आठवत असेल, पण तीही ‘अहो भाते’ म्हणूनच हाक मारायची.

गेल्या वर्षी एका सकाळी बाई दुकानात आल्या. ज्यांच्या गाण्याला भातेकाकांनी वीस वर्षं साथ केली, त्याच. गळ्याच्या ऑपरेशननंतर अकरा वर्षं त्यांनी गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी गळ्यावरचा रुमाल सोडला, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “काळी चार दे.”

काकांनी ती जुनी पट्टी दिली. बाईंचा आवाज अर्ध्यात अडकला.

“खाली ये.”

काका एकेक पट्टी खाली आले. तीन पट्ट्या खाली, म्हणजे दीड सूर खाली, आवाज लागला. तो जुना आवाज नव्हता. जाड होता, किंचित खरखरीत. पहिली ओळ संपेपर्यंत शेगडीवरचा सरस करपला. आतून बायको ओरडली, तरी काका उठले नाहीत.

आठ महिने दोघं त्याच खोलीत बसले. श्वास पुरेना, तिथे तान तोडली. पूर्वी बाई जिथे धावत वर जायच्या, तिथे आता खालीच थांबून एक सूर नुसता धरून ठेवायच्या. काकांना ते जुन्यापेक्षा खोल वाटायचं. एकदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

“तुझं कौतुक कामाचं नाही,” बाई म्हणाल्या. “तू आठ महिने माझ्यासोबत आहेस. रविवार दुपारचे तीन प्रयोग करते. तिन्हीत मिळून एका तरी माणसाने येऊन सांगावं, की आवाज बदललाय. मग पुढे गाईन. कुणी सांगितलं नाही, तर समज, ते मला ऐकत नाहीयेत. आणि तू कुणाला पढवायचं नाहीस.”

“एवढंच ना,” काका म्हणाले. त्यांना ते अगदी सोपं वाटलं.

पहिल्या प्रयोगाला त्यांनी बाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीची सहा सुरांची सुरावट वाजवली. ती लोकांना तोंडपाठ होती. चौथ्या सुरालाच टाळ्या सुरू झाल्या. बाईंची पहिली ओळ विंगेतून यायची. ती टाळ्यांत बुडाली. दुसरी ओळ लोकांनीच म्हटली. तोडलेल्या तानेपाशी बाई थांबल्या, तर सभागृहाने जुनी तान स्वतःच पुरी करून टाकली. काकांनी आवाज वाढवायला ऑर्गनचे पायटे पायांनी जोरात मारले. काही उपयोग झाला नाही.

नंतर रंगपटाबाहेर रांग लागली. काका दाराशी कान देऊन उभे राहिले.

“अगदी तश्शाच. काडीचा फरक नाही.”

“मी डोळे मिटले आणि थेट कॉलेजात जाऊन बसले.”

“कान घेऊन गेला होतात का सोबत?” बाईंनी हसत विचारलं. रांगेतले सगळे हसले.

घरी बायको म्हणाली, “माझ्या शेजारची तर पडदा उघडायच्या आधीच रुमाल काढून बसली होती. रडून झाल्यावर मला विचारते, गाणं झालं का?”

“आणि तुला काय वाटलं?”

“मला तुमचं सगळं भिंतीतून आठ महिने ऐकू येतंय. मला कशाला विचारता?”

दुसऱ्या रविवारी तिसरी घंटा व्हायच्या आधीच सभागृह ते गाणं गुणगुणत होतं. हजारभर माणसं, जुन्या पट्टीत. काका खड्ड्यात बसून दहा मिनिटं तेच ऐकत होते. पडदा हलला आणि त्यांचा हात आपोआप काळी चारवर पडला. सुरावट जुन्या पट्टीत वाजली.

त्या दोघांत एक नियम होता. ऑर्गनने दिलेला सूर गाणाऱ्याने परत करायचा नाही, मिळेल त्यातच गायचं. वीस वर्षांत बाईंनी तो मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही. दुसऱ्या ओळीत वरच्या सुरावर आवाज फाटला. सगळ्यांना ऐकू जाईल इतका स्वच्छ फाटला.

मग टाळ्या पडल्या, पहिल्या दिवसाच्या दुप्पट. लोक उभे राहिले. रंगपटाबाहेर रांगही दुप्पट होती. ‘आज तर कमालच केलीत’ असं तिघांनी सांगितलं.

रांग संपल्यावर काका आत गेले. “चूक माझी होती. तोंडाने सांगायलाही लाज वाटते.”

“असू दे,” बाई आरशात बघत कानातले काढत होत्या. “फाटलेलंही चालतं, हे कळलं. मग गायचं कशाला? नुसती उभी राहीन.”

काकांचा आठवडा वाईट गेला. दुकानात एक चांगला भाता त्यांनी रागाने उलटा शिवला आणि पुन्हा उसवला. लोकांवर राग, हातावर राग. “चांगलं म्हणतायत तर चिडता कसले?” बायको म्हणाली. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर भांडता आलं असतं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सुरावट वाजवलीच नाही. बाईंनाही सांगितलं नव्हतं. एकच सूर, दीड सूर खालचा, दिला आणि धरून ठेवला. टाळ्यांना काही खूण सापडेना. लोक थांबले. विंगेत बाईही थांबल्या. काका पायटे मारत राहिले. पोटऱ्या भरून आल्या.

मग बाई गायल्या. पहिली ओळ त्या इमारतीत प्रथमच पूर्ण ऐकू आली. तोडलेल्या तानेनंतरची शांतताही ऐकू आली. कुणी गुणगुणलं नाही. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या त्या विरळ, गोंधळलेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “ऑर्गनवाला पेंगला वाटतं.”

त्या दिवशी रंगपटाबाहेर रांग नव्हती. एक अनोळखी स्त्री एकटीच आली. दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी, अंगात अजून कामाचा पांढरा कोट. कौतुक करायला आलेली नव्हती.

“मी तुमची रेकॉर्ड रोज लावते,” ती म्हणाली. “दिवसातून चारदा. पेशंटची भीती कमी होते. आज हे काय गायलात? खाली गायलात. बऱ्यापैकी खाली. तान अर्ध्यात सोडलीत. आणि आवाज किती जड झालाय. मला आवडलं नाही.”

काका दाराशी ताठ झाले. बाईंनी हातातला कंगवा खाली ठेवला.

“बसा ना. तान नेमकी कुठे सोडली?”

तिने सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. हलक्या आवाजात गाऊनही दाखवलं. बाई मान पुढे करून ऐकत होत्या.

“पुढच्या प्रयोगाला याल?”

“नाही,” ती म्हणाली. “मला जुनंच बरं.” आणि उठून गेली.

काका तिच्या पाठीकडे बघत राहिले. आठ महिने, तीन प्रयोग, तीन हजार माणसं. ऐकलं ते एकीने, आणि तिला आवडलं नाही. त्यांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

“असा तोंड पाडून उभा राहू नकोस,” बाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल गळ्याभोवती घेतला, घट्ट बांधला. “व्यवस्थापकांना सांग, चौथ्या प्रयोगाची तारीख धरा. आणि ती सुरावट परत वाजवायची नाही.”

“लोक मला खातील.”

“खाऊ देत. तुझी तर त्यांच्याकडे पाठ असते.”