मुदतीचा शेवटचा दिवस सुतकात आला

छापखाना बुडाल्यावर जालन्याच्या कोर्टानं मला नादार ठरवलं, तेव्हाच हुकमात लिहिलं होतं की कर्जातून मुक्ततेचा अर्ज वर्षाच्या आत द्यावा, नाहीतर नादारी रद्द होईल. ती रद्द झाली असती तर घेणेकऱ्यांचे सगळे दावे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते. मुदतीचा शेवटचा दिवस आई गेल्याच्या सातव्या दिवशी आला.

आम्ही गावी, धावड्याला होतो. अग्नी मी दिला होता, आणि अग्नी देणाऱ्यानं दहाव्यापर्यंत गावाची वेस ओलांडायची नसते. काकांनी वकिलांना फोनवर तेच सांगितलं.

"काका, सुतक तुम्हाला हाय, कोर्टाला न्हाई," वकील म्हणाले. "थांबा, मीच येऊन राह्यलो."

ते सकाळीच मोटारसायकलवर आले.

"त्याला शिवू नका बरं," काका म्हणाले.

"शिवलो तं घरी जाऊन आंघोळ करतो. मुदत गेल्यावर काय करू, सांगा?"

काका उठून आत गेले.

अर्ज महिन्यापूर्वीच टाइप करून ठेवलेला होता. वाचल्याशिवाय मला सही करता येत नाही, म्हणून वकील घड्याळ बघत असतानाही मी सावकाश वाचत गेलो. माझ्यावर अवलंबून असलेल्यांत पहिलं नाव आईचं होतं.

"ते खोडा भाऊ, अन् बाजूला छोटी सही करा," वकील हळू आवाजात म्हणाले.

मी नावावर एकच रेघ ओढली. रेघेखालून आईचं नाव वाचता येत होतं.

"चालतं तेवढं," ते म्हणाले.

दुपारी चारला त्यांचा फोन आला, अर्ज मुदतीत दाखल झाला होता. मी काकांना तसं सांगितलं आणि पुन्हा चटईवर आडवा झालो.