गुहागरच्या कार्डावरची 'फ्रेंच' वाईन

माझे वडील, आप्पा, पलूसजवळच्या आमच्या मळ्यात बारा वर्षं वाईनची द्राक्षं पिकवतायत आणि ती वाईन त्यांनी एकदाही चाखली नव्हती. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, कॅन्टीनची रम तेवढी ठाऊक. यंदा मार्चअखेर माल उतरून झाला, एप्रिलची छाटणी सुरू व्हायची होती. मधल्या आठवड्यात ते एकदम म्हणाले, "मासळीसंगं लय ब्येस लागती म्हणं. एकदा समुद्रावर बसून बघू की." मी कराडला कॉलेजात शिकवते. लगेच दोन दिवसांची रजा टाकली.

कराडहून सकाळी सहाला निघालो. पाटणच्या पुढे रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, घाई करू नका. कोयनानगरच्या अलीकडे टपरीवर गरम कांदाभजी मिळाली. कुंभार्ली घाटात ट्रकांमागे तासभर गेला, पण आप्पा खूश होते, खिडकीतून झाडं ओळखत बसले. अकराच्या सुमारास गुहागर. घरगुती खोली दोन हजारांत मिळाली, आणि हॉटेल तिथून चालत पाच मिनिटांवर. वाईन घ्यायची तर गाडी खोलीवरच ठेवा.

हॉटेल म्हणजे सुरूच्या झाडांखाली मांडलेली प्लास्टिकची टेबलं, समोर समुद्र. पापलेट अगदी ताजं होतं, तक्रार तिथे नाहीच. वेटरने वाईनचं कार्ड आणून ठेवलं. वर 'परदेशी', त्याखाली आठ नावं. तळाला 'देशी', आणि तिथे एकच ओळ: लोकल, रेड किंवा व्हाइट.

हाफपँट घातलेले, चाळिशीचे मालक टेबलांमधून फिरत होते. आप्पांनी त्यांना विचारलं, "मालक, आमच्या सांगलीकडची कुठली हाय का?"

ते हसले. "काका, सांगलीची हळद आणतो आम्ही. वाईन नाही."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला मात्र बसवेना. बाटल्या कशा ठेवल्यात बघावं म्हणून काउंटरकडे गेले, तर त्या सगळ्या तळणीच्या कढईशेजारी, उन्हात उभ्या. 'परदेशी'मधलं चौथं नाव असलेली बाटली उचलली. पुढे फ्रेंच वळणाचं नाव, द्राक्षवेलीचं चित्र. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत बनवल्याचं ठिकाण: तालुका पलूस, जिल्हा सांगली. दर वर्षी आमचा टेम्पो ज्या वायनरीच्या दारात रिकामा होतो, तीच ही.

मालकांना दाखवली. ते म्हणाले, "मॅडम, नाव फ्रेंच आहे ना? गिऱ्हाईक तसंच मागतं."

"पण तुम्ही परदेशी म्हणून विकताय."

"कोण मागचं वाचतं?"

मी तीच मागवली. वेटर तापलेली बाटली उघडायला लागला तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "आदी बर्फात ठेवा. आमी थांबतो." अर्धा तास थांबलो. मग त्यांनी घोट घेतला, पापलेटचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला.

"कशी आहे?"

"आंबट हाय जरा," ते म्हणाले. "पर मासा खाल्ल्यावर ग्वाड लागती. झ्याक हाय, पोरी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी समुद्राकडे बघितलं.

शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब तीच वाईन पीत होतं. त्यातले गृहस्थ मेव्हण्याला सांगत होते, "फ्रेंच ती फ्रेंच. आपल्याकडे ही चव येणं शक्य नाही." आप्पांना राहवलं नाही. त्यांच्याकडे वळून ते अदबीनं म्हणाले, "साहेब, ही आमच्या पलूसची हाय. मी द्राक्षं घालतो तिथं."

गृहस्थांनी बाटली फिरवली, चष्मा वर करून मागचं वाचलं. मग ग्लास हाताने जरा दूर सारला. "तरीच," ते बायकोला म्हणाले, "मघापासून कडवट लागतेय."

त्या क्षणी मला आलेला राग आज लिहितानाही तसाच आहे. मालकाला निदान विकायचं होतं. या माणसाने तर स्वतःच्या जिभेवरचा विश्वास पत्ता वाचून काढून घेतला. मी उठून म्हणाले, "अहो, अर्धी बाटली संपवलीत की कौतुक करत." ते मोबाइलमध्ये बघू लागले. आप्पांनी माझा हात धरून खाली बसवलं. "जाऊ दे गं. मला चव कळली, बास."

निघताना मी मालकांना कार्ड दुरुस्त करायला सांगितलं. ते म्हणाले, "करतो." दुसऱ्या दिवशी घरी परत आलो.

गुहागरला जरूर जा, किनारा मोकळा आहे आणि मासळी उत्तम. वाईन मागवलीत तर बाटलीची मागची बाजू वाचा, आणि वाचल्यावर ग्लास दूर सारू नका. आप्पा आता छाटणीला येणाऱ्या प्रत्येकाला त्या चवीबद्दल सांगतात, तो पुण्याचा माणूस त्यांच्या गोष्टीत कधीच येत नाही. माझ्या डोक्यातून तो जात नाही.

गेल्या आठवड्यात त्या हॉटेलला फोन करून विचारलं, तुमच्याकडे पलूसची वाईन मिळेल का.

"नाही मॅडम," पलीकडून उत्तर आलं, "आमच्याकडे फ्रेंच आहे."

आप्पांना हे मी सांगितलेलं नाही.